मुंबईतील जुने घर : पागडी, मालकी की भाडे?

मुंबई : इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद किंवा नागपूर येथून नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबईत येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांपुढे पहिला प्रश्न घराचा असतो. नव्या संकुलांतील सदनिकांचे दर पाहिल्यानंतर अनेकांची नजर गिरगाव, लालबाग, दादर, माटुंगा, माहीम या भागांतील जुन्या इमारतींकडे वळते. उंच छत, सागवानी जिना, रंगीत फरशी, लाकडी कठड्याची गॅलरी, पायी अंतरावर रेल्वे स्थानक आणि बाजार, शिवाय शेजारच्याच नव्या इमारतीच्या तुलनेत बरीच कमी किंमत, असे हे आकर्षण असते.

या कमी किमतीमागे बहुतेक वेळा कायदेशीर कारण असते. अशा घरांपैकी पुष्कळशी ‘पागडी’ची असतात. त्यांत घेणाऱ्याला घराची मालकी मिळत नाही, मिळते ती संरक्षित भाडेकरूची जागा. शिवाय या घरांच्या किमतीत इमारत कधीतरी पाडली जाऊन तिथे नवी उभी राहील, ही अपेक्षाही धरलेली असते. म्हणजे जुन्या वास्तूच्या देखणेपणासाठी घर घेणारा माणूस तिच्या पाडकामाच्या आशेचे पैसे मोजत असतो. त्यामुळे मुंबईत येण्यापूर्वी आपण नेमका कोणता हक्क विकत घेत आहोत, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

जुनी घरे कोठे आणि कशी

मुंबईतील जुन्या निवासी वास्तूंचे ढोबळमानाने चार प्रकार आढळतात. पहिला प्रकार चाळींचा. गिरणी कामगार, लहान व्यापारी आणि कारकून यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्या बांधल्या गेल्या. लांब गॅलरी, तिच्यालगत एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडे आणि मजल्याच्या टोकाला सामाईक शौचालये, अशी त्यांची रचना असते. गिरगावातील केशवजी नाईक चाळीचा १८९३ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव शहरातील सर्वांत जुन्यांपैकी मानला जातो.

दुसरा प्रकार नियोजित वसाहतींतील इमारतींचा. १८९६ मधील प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंगा परिसराची आखणी केली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागांचा परिसर ही त्याची उदाहरणे. तिसरा प्रकार १९३० आणि १९४० च्या दशकांतील ‘आर्ट डेको’ शैलीच्या इमारतींचा. गोलाकार बाल्कन्या, नक्षीदार लोखंडी जाळ्या आणि आडव्या रेषांची सजावट ही त्यांची ओळख. मरीन ड्राइव्ह, ओव्हल मैदान, शिवाजी पार्क आणि माटुंगा येथे त्या मोठ्या संख्येने आहेत. ओव्हल मैदानालगतच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाचा २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. चौथा प्रकार खोताची वाडी, वांद्र्याचे रणवार यांसारख्या जुन्या वाड्या-गावठाणांतील बैठ्या किंवा एकमजली घरांचा.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात तत्कालीन सरकारच्या विकास विभागाने बांधल्या. त्यांचे नियम वेगळे आहेत. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथे पुनर्विकास सुरू असून वरळीतील पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. काही वसाहती धर्मादाय न्यासांच्या मालकीच्या असून विशिष्ट समाजापुरत्या मर्यादित आहेत. बाहेरगावच्या कुटुंबाने शोध सुरू करण्यापूर्वीच ही ठिकाणे वेगळी काढावीत.

भाडे गोठले, पागडी रुजली

पागडीचे मूळ भाडे नियंत्रणात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर टंचाई आणि फाळणीनंतरचा निर्वासितांचा ओघ यांमुळे त्या काळी हा उपाय गरजेचा वाटला. पुढे अनेक दशके भाडी जवळजवळ स्थिर राहिली, घरांच्या किमती मात्र वाढत गेल्या. भाड्यातून दुरुस्तीचा खर्चही निघेनासा झाल्यावर घरमालकांनी नवा भाडेकरू घेताना एकरकमी पैसे घेण्यास सुरुवात केली. जुना भाडेकरूही जागा सोडताना येणाऱ्याकडून रक्कम घेऊ लागला. हीच पागडी.

१९४७ च्या कायद्यानुसार अशी रक्कम घेणे गुन्हा होता. त्यामुळे हे व्यवहार रोखीने, कागदाविना होत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्यासंबंधीच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे मत नोंदवले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ तयार झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. या कायद्याच्या कलम ५६ ने पागडीला मान्यता दिली. भाडेकरू आपला हक्क सोडण्यासाठी वा हस्तांतरित करण्यासाठी रक्कम घेऊ शकतो आणि घरमालकही नवी भाडेदारी देण्यासाठी किंवा हस्तांतरणास संमती देण्यासाठी रक्कम घेऊ शकतो. याच कायद्याने घरमालकाला दरवर्षी भाड्यात चार टक्के वाढ करण्याची मुभा दिली.

अन्य शहरांतून येणाऱ्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. दिल्लीच्या १९५८ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पागडीसारखी रक्कम घेण्यास मनाई आहे आणि दरमहा साडेतीन हजार रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना तो कायदा लागूच होत नाही. प्रत्येक राज्याचा कायदा स्वतंत्र असल्याने आपल्या शहरातील अनुभव मुंबईत उपयोगी पडेलच असे नाही.

पागडीत काय मिळते, काय मिळत नाही

पागडीचे घर घेणाऱ्याला अल्प भाड्यात राहण्याचा हक्क मिळतो. हे भाडे आजही अनेक इमारतींत शेकड्यांत असते. कायद्यात दिलेल्या कारणांशिवाय त्याला बाहेर काढता येत नाही. घरमालकाच्या संमतीने तो हा हक्क पुढे विकू शकतो. इमारतीचा पुनर्विकास झाल्यास पात्र भाडेकरूला नव्या इमारतीत मालकी हक्काची सदनिका मिळू शकते.

मिळत नाही ती जमिनीची वा घराची मालकी. त्यामुळे बँका सामान्यतः अशा घरावर गृहकर्ज देत नाहीत आणि संपूर्ण रक्कम स्वतः उभी करावी लागते. घर विकताना घरमालकाला वाटा द्यावा लागतो. हा वाटा कायद्याने ठरवलेला नाही. प्रथेनुसार तो व्यवहाराच्या रकमेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, काही ठिकाणी त्याहून अधिक. घर पोटभाड्याने देण्यावरही निर्बंध आहेत. करारात परवानगी नसताना पोटभाडेकरू ठेवल्यास घर खाली करून घेण्यास ते पुरेसे कारण ठरते.

पुढील तीन बाबी बाहेरगावच्या कुटुंबांना विशेष लागू पडतात.

पहिली, वापराची. ज्या कारणासाठी जागा दिली त्यासाठी ती सलग सहा महिने वाजवी कारणाविना वापरली नसेल, तर घरमालक कलम १६ खाली ताबा मागू शकतो. बदली पुढील वर्षी अपेक्षित आहे, मुलांची शाळा संपायची आहे, म्हणून आधीच पागडीचे घर घेऊन कुलूप लावून ठेवणारा स्वतःच वादाचे कारण निर्माण करतो.

दुसरी, वारसाची. निवासी जागेच्या बाबतीत भाडेकरूच्या मृत्यूनंतर हक्क पुढे जाताना, मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला कायदा प्राधान्य देतो. भाडेपावती गावी राहणाऱ्या वडिलांच्या नावे आणि प्रत्यक्ष राहणारा मुलगा, अशी रचना केल्यास पुढे अडचण येऊ शकते. जो राहणार आहे त्याच्याच नावे पावती असणे श्रेयस्कर.

तिसरी, कंपनीची. सरकारी वा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागांना हा कायदा लागू नाही. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांनाही संरक्षण मिळत नाही. कर्मचाऱ्यासाठी कंपनीने स्वतःच्या नावे घेतलेली जागा या वर्गात मोडू शकते.

उपकरप्राप्त इमारतींचे गणित

शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून पश्चिमेस माहीमपर्यंत आणि पूर्वेस शीवपर्यंत, जुन्या भाडेतत्त्वावरील बहुसंख्य इमारती ‘उपकरप्राप्त’ आहेत. १९६९ च्या कायद्याने त्यांच्यावर दुरुस्ती उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केले. हे मंडळ आज म्हाडाचा भाग असून मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ या नावाने ओळखले जाते. प्रारंभी अशा इमारतींची संख्या १९ हजार ६४२ होती. १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेल्या इमारती ‘अ’, तेव्हापासून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ आणि १ जानेवारी १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ दरम्यानच्या ‘क’ वर्गात मोडतात.

या इमारतींचा पुनर्विकास प्रामुख्याने विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, २०३४ मधील नियम ३३(७) नुसार होतो. त्यासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. पात्र निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर देणे बंधनकारक आहे. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्याला ही मोठी झेप असते आणि पागडीच्या किमतीत तिचाच हिशेब धरलेला असतो.

येथे एक तारीख महत्त्वाची आहे : १३ जून १९९६. या दिवसानंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी पुनर्विकासात मोजली जात नाही. जुनी, नोंद असलेली भाडेदारी एकाकडून दुसऱ्याकडे आली असेल तर प्रश्न वेगळा. मात्र एका मोठ्या घराचे नंतर दोन भाग करून, गॅलरी बंदिस्त करून किंवा गच्चीवर खोली चढवून ती स्वतंत्र घर म्हणून विकली जात असेल, तर घेणाऱ्याच्या हाती पुढे काहीच लागणार नाही, अशी शक्यता असते. म्हणून मंडळाकडील आणि महापालिकेच्या मालमत्ता कर विभागाकडील जुन्या नोंदींत त्या घराचा क्रमांक व क्षेत्रफळ आहे का, हे पाहणे अनिवार्य समजावे.

पुनर्विकासाचा कालावधी कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. मालकांतील वाद, विकासकाची आर्थिक स्थिती, रहिवाशांतील गट आणि न्यायालयीन प्रकरणे यांमुळे अनेक प्रकल्प वर्षानुवर्षे रेंगाळले आहेत. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत दशकानुदशके राहिलेली कुटुंबे याची साक्ष आहेत. २०२० मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती करून धोकादायक इमारतींच्या पुनर्विकासासाठी कलम ७९(अ) आणि रखडलेले प्रकल्प ताब्यात घेण्यासाठी कलम ९१(अ) जोडण्यात आले. कलम ७९(अ) नुसार प्रथम मालकाला, नंतर भाडेकरूंच्या संस्थेला प्रस्ताव सादर करण्यासाठी प्रत्येकी सहा महिन्यांची मुदत दिली जाते आणि त्यानंतर म्हाडा स्वतः पुढाकार घेऊ शकते.

घरमालकांची बाजूही दीर्घकाळ न्यायालयात आहे. भाडेकरूंच्या मागणीवरून इमारत संपादित करण्याच्या तरतुदीला मालकांच्या संघटनेने १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यातूनच उपस्थित झालेल्या घटनात्मक प्रश्नावर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना, प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संसाधने ठरत नाही, असे बहुमताने स्पष्ट केले. ज्या इमारतीत मालक आणि भाडेकरू यांच्यात खटले चालू आहेत तेथे नवा भाडेकरू म्हणून शिरण्यापूर्वी त्या खटल्यांची माहिती घ्यावी. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयात चालतात.

इमारत किती सुरक्षित

३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडी बाजारातील हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळून दहाहून अधिक रहिवाशांचा मृत्यू झाला. सौंदर्य आणि किंमत यांच्या आधी सुरक्षिततेचा विचार का करावा, हे या दोन घटनांवरून ध्यानात येते.

महापालिका कायद्यानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी आवश्यक आहे. तपासणीनंतर इमारतींचे वर्गीकरण होते. ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून अंशतः पाडण्याची वा मोठ्या दुरुस्तीची गरज असलेली, ‘सी-२बी’ म्हणजे रहिवासी न हलवता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. महापालिका आणि म्हाडाचे मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. ही यादी पाहण्यास पैसे लागत नाहीत, तरीही अनेक खरेदीदार ती पाहत नाहीत.

शक्य असल्यास इमारत पावसाळ्यात पाहावी. छताची ओल, तुळयांच्या टोकांना लागलेली वाळवी, सळ्या गंजून सुटलेले सिमेंटचे पापुद्रे, स्वच्छतागृहाखालील स्लॅबमधील गळती, जिन्याच्या पायऱ्यांचा कल आणि बाहेरून दिलेले लाकडी वा लोखंडी टेकू या गोष्टी कोरड्या महिन्यांत सहज नजरेआड होतात. नव्याने रंगवलेली एकच भिंत दिसल्यास त्यामागचे कारण विचारावे. स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून पाहणी करून घेण्याचा खर्च एकूण व्यवहाराच्या मानाने नगण्य असतो.

इमारत पाडल्यास भाडेकरूचा हक्क संपतो का, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. महापालिकेने इमारत पाडल्यामुळे भाडेदारी आपोआप संपुष्टात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आहे. हक्क शाबूत राहिला तरी प्रत्यक्ष छप्पर कधी मिळेल, हा प्रश्न मात्र उरतोच.

वारसा दर्जा : संरक्षण आणि बंधन

मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंसाठी नियमावली असून वास्तूंची श्रेणी १, २-अ, २-ब आणि ३ अशी वर्गवारी केली जाते. त्यावर मुंबई वारसा संवर्धन समिती महापालिकेला सल्ला देते. श्रेणी १ मध्ये बदलांना जवळपास वाव नसतो. श्रेणी २ मध्ये अंतर्गत बदल छाननीनंतर होऊ शकतात आणि श्रेणी ३ मध्ये बंधने तुलनेने सौम्य असतात. एखादी इमारत स्वतंत्रपणे यादीत नसली तरी वारसा परिसरात असू शकते.

जुन्या घराचे रूप टिकावे असे वाटणाऱ्याला हा दर्जा दिलासा देतो. खिडक्या बदलणे, गॅलरी बंद करणे, दर्शनी भागावर वातानुकूलन यंत्र बसवणे यांवर मात्र निर्बंध येऊ शकतात आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो. पुनर्विकासातून मोठे घर मिळण्याची अपेक्षा धरणाऱ्याच्या दृष्टीने हाच दर्जा अडथळा ठरतो. विक्रेता एकाच दमात ‘वारसा इमारत’ आणि ‘लवकरच पुनर्विकास’ अशी दोन्ही आश्वासने देत असेल, तर श्रेणीची खातरजमा महापालिकेकडून करावी.

मालकी हक्काची जुनी सदनिका

दुसरा मार्ग म्हणजे १९५० ते १९८० च्या दशकांतील सहकारी गृहनिर्माण संस्थेमधील सदनिका. दादर, माहीम, विलेपार्ले, मुलुंड, चेंबूर येथे अशा तीन-चार मजली इमारती पुष्कळ आहेत. अनेकींत उद्वाहन नसते, वाहनतळ अपुरा असतो, पण खोल्या हवेशीर आणि आवार मोकळे असते. येथे खरेदीखत नोंदवले जाते, भाग प्रमाणपत्र आपल्या नावे होते आणि बँकेचे कर्ज मिळण्याची शक्यता असते. कर्ज देताना बँका इमारतीचे वय आणि उर्वरित आयुष्य पाहतात. त्यामुळे फार जुन्या इमारतीसाठी कर्जाची रक्कम वा मुदत कमी होऊ शकते.

मुंबईत सदनिकेच्या खरेदीवर सध्या महानगर उपकरासह सहा टक्के मुद्रांक शुल्क आकारले जाते. केवळ महिलेच्या नावे निवासी खरेदी असल्यास एक टक्का सवलत आहे. नोंदणी शुल्क एक टक्का, कमाल ३० हजार रुपये आहे.

या मार्गात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जमिनीचा. संस्थेच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे मालमत्ता पत्रकावरून कळते. झाले नसेल तर २००८ मधील कायदेदुरुस्तीने संस्थेला मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग खुला केला आहे. जमीन महापालिका, जिल्हाधिकारी किंवा बंदर प्राधिकरण यांच्याकडून भाडेपट्ट्याने घेतलेली असल्यास पट्ट्याची मुदत, नूतनीकरण आणि हस्तांतरण शुल्क यांची चौकशी करावी. दादर-माटुंग्याच्या जुन्या वसाहतींत भाडेपट्ट्याच्या जमिनी आढळतात.

आधी भाड्याने राहून पाहावे

केवळ जुन्या घरात राहण्याची आवड असेल, तर ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार हा तुलनेने कमी जोखमीचा मार्ग आहे. हा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो, अधिक मुदतीचाही करता येतो. तो लेखी आणि नोंदणीकृत असणे कायद्याने बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. एकूण मोबदल्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागते आणि नोंदणी आता ऑनलाइन होते. या करारात राहणाऱ्याला भाडेकरूचे संरक्षण नसते. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा घेतला जातो आणि तोपर्यंत दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

पागडीच्या घरात अशा करारावर राहण्याआधी एक गोष्ट तपासावी. घर देणारा स्वतः भाडेकरू असेल तर मूळ घरमालकाची लेखी परवानगी आहे का, हे पाहावे. ती नसल्यास त्या दोघांच्या वादात राहणाऱ्याचे बिऱ्हाड अडकते.

नव्या शहरात वर्षभर त्याच भागात भाड्याने राहिल्यास पाण्याच्या वेळा, सामाईक शौचालयाची सोय, वृद्धांना जिन्याचा होणारा त्रास, शाळेचे अंतर आणि पावसाळ्यातील स्थिती यांचा अंदाज येतो. शिवाय जुन्या मुंबईत चांगली घरे अनेकदा जाहिरातीत येतच नाहीत. शेजारी, वाणी, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते आणि इमारतीचे रखवालदार यांच्यामार्फत ती कळतात. दूरच्या शहरात बसून हा शोध घेता येत नाही.

व्यवहारापूर्वीची तपासणी

पागडीच्या घरासाठी पुढील कागद पाहावेत : विक्रेत्याच्या नावे असलेल्या मूळ भाडेपावत्या आणि त्यांची सलगता, आधीच्या हस्तांतरणाचे करार, उपकर आणि मालमत्ता कराच्या पावत्या, वीजदेयक, मालमत्ता पत्रकावरील मालकाचे नाव आणि तोच पावती देतो आहे का याची खात्री. मालक एकापेक्षा अधिक असतील तर सर्वांची संमती हवी. इमारत न्यासाची असेल तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते का, हे वकिलाकडून तपासून घ्यावे.

विक्रेता, घेणारा आणि घरमालक असा त्रिपक्षीय करार करून तो नोंदवावा. घरमालकाची संमती लेखी असल्याशिवाय आणि नव्या नावाने भाडेपावती देण्याचे कलम करारात असल्याशिवाय विसार देऊ नये. ‘आधी पैसे, पावती नंतर’ ही अट मान्य करू नये. रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी. दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्यानुसार मनाई आहे. शिवाय रोखीने दिलेली पागडी पुढे सिद्ध करणे कठीण जाते.

मालकी हक्काच्या सदनिकेसाठी मागील सर्व खरेदीखतांची साखळी, सूची क्रमांक २ चे उतारे, भाग प्रमाणपत्र, संस्थेची थकबाकी नसल्याचा दाखला, मंजूर नकाशा आणि पुनर्विकासासंबंधी सर्वसाधारण सभेचे ठराव पाहावेत. सूची क्रमांक २ नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. बाहेरगावी राहूनही ही पहिली चाळणी लावता येते.

तीन मार्गांपैकी कोणता निवडावा, हे उद्देशावर अवलंबून आहे. दोन-चार वर्षांच्या नोकरीसाठी येणाऱ्याने नोंदणीकृत करारावर भाड्याने राहावे. मुंबईत कायमचे वास्तव्य करायचे आणि कर्जाची गरज आहे, अशांनी जुन्या सहकारी संस्थेतील सदनिका पाहावी. पागडीचे घर अशांनाच सोयीचे, ज्यांच्याकडे कर्जाविना रक्कम आहे, जे लगेच स्वतः राहायला येणार आहेत आणि पुनर्विकास दहा-वीस वर्षे झाला नाही तरी ज्यांचा संसार अडणार नाही. निर्णय कोणताही असो, सामानाचा ट्रक मागवण्यापूर्वी भाडेपावती, नोंदवलेला करार किंवा खरेदीखत यांपैकी योग्य तो कागद आपल्या नावे हाती असला पाहिजे.